डुकराला ताप आणि धाप: सूज उतरवणारे औषध काय करते आणि काय करत नाही?

गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली, धानोरा भागातील माडिया-गोंड वाड्यांमध्ये अनेक घरी दोन-चार डुकरे असतात. लग्नात, सणात, पूजेत त्यांना मान असतो आणि घरात अचानक खर्च निघाला तर एखादे विकून पैसा उभा करता येतो. चंद्रपूरच्या जंगलालगतच्या काही गावांतही डुकरे पाळली जातात. अशा घरातले डुकर खाणे सोडून धापा टाकू लागले की जनावरांचा दवाखाना लांब असतो, पण घरात तापाची गोळी किंवा मेडिकलमधून आणलेले दुखण्याचे इंजेक्शन असते. तेच देऊन पाहावे असे वाटणे साहजिक आहे.

मी माणसांचा डॉक्टर आहे. तरीही हा विषय माणसांच्या आरोग्याच्या पानावर लिहिण्याचे कारण आहे. घरातली औषधाची पिशवी एकच असते आणि तीच चूक तापलेल्या मुलाच्या बाबतीतही होते. ताप उतरला म्हणजे आजार बरा झाला, असे समजून घरचे थांबतात आणि छातीतला आजार आत वाढत राहतो.

थोडक्यात

• सूज उतरवणारे औषध ताप, वेदना आणि सूज कमी करते. ते जंतू मारत नाही.
• डुकराच्या छातीच्या आजारात या औषधाचा उपयोग होतो, पण बहुतेक वेळा प्रतिजैविकाच्या जोडीला आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने.
• माणसांचे डायक्लोफेनॅक जनावराला देऊ नका. जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आहे.
• डुकर असो वा मूल, ताप उतरल्यावरही श्वास मोजा.

सूज म्हणजे नेमके काय?

फुप्फुसात जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी लढू लागते. रक्तवाहिन्या रुंदावतात, पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात आणि फुप्फुसातल्या बारीक फुग्यांमध्ये पाणी व पू साचू लागतो. यालाच आपण दाह किंवा सूज म्हणतो. हा लढा गरजेचा असतो, पण तो फार पेटला तर त्रासही तोच देतो. ताप चढतो, छाती दुखते, श्वास अपुरा पडतो आणि भूक मरते.

या दाहात शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करते. मेलॉक्सिकॅम, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किटोप्रोफेन ही औषधे या रसायनांची निर्मिती रोखतात. त्यामुळे ताप उतरतो आणि दुखणे कमी होते. पण हीच रसायने जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाला रक्तपुरवठा नीट ठेवतात. म्हणून ही औषधे चुकीच्या वेळी किंवा जास्त प्रमाणात दिली तर पोटात जखम होऊ शकते आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. माणूस आणि डुकर दोघांनाही हे लागू आहे. डुकरांना तर जठरातील जखमांचा त्रास मुळातच बराच होतो.

डुकराची छाती का भरते?

डुकरांच्या न्यूमोनियामागे मायकोप्लाझ्मा, पाश्चुरेला, अॅक्टिनोबॅसिलस यांसारखे जीवाणू असतात, तसेच फ्लूसारखे विषाणूही असतात. बऱ्याचदा विषाणू आधी वाट मोकळी करतो आणि जीवाणू मागून घुसतात. ओला गोठा, कोंडलेली हवा, लघवीचा उग्र वास, पावसाळ्यातली थंडी आणि एकाच जागी फार डुकरे असणे यामुळे आजार वाढतो.

ओळखायचे कसे? डुकर सावलीत शांत पडलेले असताना त्याच्या कुशीची हालचाल पाहा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोठे डुकर साधारण १५ ते २० वेळा श्वास घेते, वाढते डुकर २५ ते ३५ वेळा. डुकराला फारसा घाम येत नाही, त्यामुळे दुपारच्या उन्हात ते तसेही धापा टाकते. म्हणून मोजणी सकाळी करा. गुदद्वारात थर्मामीटर लावल्यास निरोगी डुकराचे तापमान सुमारे १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याला जो ताप वाटेल तो डुकराचा ताप असेलच असे नाही. पारा १०४ च्या वर गेला तर मात्र ताप समजावा.

पुढील लक्षणे दिसली तर आजार छातीत बराच पसरला आहे असे समजा:

• पोट आत-बाहेर हलवत श्वास घेणे
• कुत्र्यासारखे पुढच्या पायांवर बसून राहणे, आडवे न होणे
• तोंड उघडून श्वास घेणे, कान किंवा नाक निळसर पडणे
• नाका-तोंडातून रक्ताळलेला फेस येणे
• पाणीही न पिणे

मग सूज उतरवणाऱ्या औषधाचा उपयोग काय?

उपयोग आहे. जीवाणूंवरच्या प्रतिजैविकाला काम करायला वेळ लागतो. त्या एक-दोन दिवसांत डुकर तापाने मलूल असते, खात-पीत नाही आणि झपाट्याने खंगते. योग्य दाहरोधक औषध जोडीला दिले तर ताप लवकर उतरतो, श्वास हलका होतो आणि डुकर लवकर पाणी पिऊ लागते. पाणी पिणे आणि खाणे सुरू होणे ही बरे होण्याची पहिली पायरी आहे. म्हणूनच अनेक देशांत डुकरांच्या श्वसनरोगात प्रतिजैविकासोबत अशी औषधे देण्याची पद्धत आहे.

पण याच गुणात एक धोकाही आहे. फक्त सूज उतरवणारे औषध दिले तरीही डुकर काही तासांत उठून बसते, थोडे खाते. मालकाला वाटते, बरे झाले. आत मात्र जंतू तसेच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढतो आणि तोवर फुप्फुसाचा मोठा भाग निकामी झालेला असतो, शेजारची पिल्लेही आजारी पडलेली असतात.

कोणते औषध चालते, कोणते नाही?

भारतात पशुवैद्यक यासाठी प्रामुख्याने मेलॉक्सिकॅम वापरतात. टोल्फेनॅमिक अॅसिड हा दुसरा पर्याय आहे. डोस वजनावर ठरतो. डुकरांसाठी मेलॉक्सिकॅमचा प्रचलित डोस दर किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १० किलोच्या पिल्लाला ४ मिलिग्रॅम आणि ६० किलोच्या डुकराला २४ मिलिग्रॅम. सुई मानेच्या स्नायूत, कानामागे देतात. बहुतेक वेळा एकच डोस पुरतो, गरज पडल्यास २४ तासांनी दुसरा. बाजारात औषधाची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते. म्हणून किती मिलिलिटर द्यायचे हे पशुवैद्यकाने बाटली पाहूनच सांगायला हवे, अंदाजाने सिरिंज भरू नये.

डायक्लोफेनॅक मात्र जनावरांना अजिबात देऊ नये. त्यामागचे कारण आपल्या जंगलाशी जोडलेले आहे. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, शरीरात युरिक अॅसिड साचते आणि ते काही दिवसांत मरते. हे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले. त्यानंतर भारताने २००६ मध्ये जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदीचा निर्णय घेतला. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांचे हे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच डोसच्या बाटलीपुरते मर्यादित केले गेले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅक यांच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. पुढे निमेसुलाइडवरही आली.

गडचिरोलीत वन विभागाने निमगाव, कुनघाडा अशा ठिकाणी गिधाडांसाठी ‘उपाहारगृहे’ उभारली. तिथे मेलेली जनावरे गिधाडांना खाण्यासाठी ठेवली जातात. २०२४ मध्ये हरयाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आणली गेली. एका घरी दिलेले चुकीचे इंजेक्शन या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक अॅसिड ही औषधे मात्र चाचण्यांत गिधाडांसाठी सुरक्षित आढळली आहेत. म्हणजे जनावराचा त्रासही कमी होतो आणि गिधाडही वाचते, असा मार्ग उपलब्ध आहे.

डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड औषधेही सूज उतरवतात. पण ती शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी करतात आणि गाभण मादीला गर्भपात होण्याचा किंवा वेळेआधी विण्याचा धोका असतो. पशुवैद्यकाने स्वतः तपासून सांगितल्याशिवाय ती देऊ नका.

आता मुलाकडे वळू या

वरची गोष्ट डुकराची वाटली तरी तीच गोष्ट आम्ही लहान मुलांत पाहतो. मुलाला ताप आणि खोकला येतो. पॅरासिटामॉल दिले की ताप उतरतो, मूल थोडे हसते आणि घरचे निर्धास्त होतात. रात्री पुन्हा ताप, पुन्हा औषध. तिसऱ्या दिवशी मूल दवाखान्यात येते तेव्हा त्याची छाती आत ओढली जात असते.

या बाबतीत गडचिरोलीनेच जगाला एक धडा दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने येथील ५८ गावांत आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दाईंना बालकांचा न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचे श्वासमोजणी यंत्र तयार केले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असे उपचार मिळालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांपैकी ०.८ टक्के दगावली. ज्या गावांत ही सोय नव्हती तिथे हे प्रमाण १३.५ टक्के होते. हा फरक ताप उतरवल्याने पडला नाही. कोणीतरी श्वास मोजला आणि जंतूवरचे औषध वेळेत दिले, म्हणून पडला.

तुम्हीही श्वास मोजू शकता. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजा. पुढील आकड्यांइतका किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका:

• दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ: मिनिटाला ६०
• दोन महिने ते एक वर्ष: मिनिटाला ५०
• एक ते पाच वर्षे: मिनिटाला ४०

असे आढळल्यास ताप असो वा नसो, त्याच दिवशी आशाताई, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

तापात दुखण्याचे इंजेक्शन का नको?

आपल्या भागात ताप म्हटला की ‘एक सुई मारा’ असे अनेकजण सांगतात. ती सुई बऱ्याचदा डायक्लोफेनॅकची असते. पण गडचिरोली हा राज्यातील मलेरियाचा सर्वाधिक भार असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. आधी बोटातून रक्त घेऊन मलेरियाची तपासणी व्हायला हवी. ताप डेंग्यूचा असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत आणि त्यांच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असू शकतो. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झालेल्या माणसालाही ही सुई महागात पडते. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि तपासणी हा सरळ मार्ग आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डुकरासाठी आणलेले औषध उरले आहे. माणसाला चालेल का?
नाही. नाव तेच असले तरी तीव्रता आणि त्यात मिसळलेले इतर घटक वेगळे असतात. टिलमिकोसिन नावाचे जनावरांचे प्रतिजैविक चुकून माणसाच्या अंगात टोचले गेले तर हृदय बंद पडू शकते. त्याने माणसे दगावल्याची नोंद आहे. जनावराला सुई देताना ती स्वतःच्या हाताला टोचली तर जखम धुवा आणि बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा.

डुकर मरायला टेकले आहे. कापून टाकले तर पैसा तरी वाचेल?
नुकसान मोठे असते, हे खरे आहे. तरीही आजारी डुकर कापू नका. काही जंतू हाताच्या जखमेतून माणसात शिरतात. तसेच दिलेल्या औषधाचा अंश मांसात राहतो. औषधानुसार काही दिवस ते काही आठवडे मांस खाण्यायोग्य नसते. सुई देतानाच पशुवैद्यकाला विचारा, ‘किती दिवस कापायचे नाही?’ आणि ती तारीख घरात लिहून ठेवा.

एकाच वेळी बरीच डुकरे तापली, अंगावर लाल-जांभळे चट्टे आले आणि मरू लागली तर?
हा नेहमीचा न्यूमोनिया नसून स्वाइन फीवर असू शकतो. सूज उतरवणाऱ्या औषधाचा इथे उपयोग नाही. क्लासिकल स्वाइन फीवरची लस मिळते, ती आधीच टोचून घ्यावी लागते. भारतात २०२० मध्ये प्रथम आढळलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरवर मात्र औषध नाही. हे दोन्ही आजार माणसाला होत नाहीत, पण गावातली सगळी डुकरे नेऊ शकतात. डुकरे विकू नका, हलवू नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.

डुकराचे मांस खाऊन स्वाइन फ्लू होतो का?
नीट शिजवलेल्या मांसातून होत नाही. २००९ च्या साथीपासून ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणतो तो माणसाकडून माणसाला पसरतो. खोकणाऱ्या डुकराजवळ काम करताना मात्र नाका-तोंडावर कापड बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर तुम्हीही काही दिवस गोठ्यापासून दूर राहा, कारण माणसाचा फ्लू डुकरांना होतो.

डुकरे घरापासून किती लांब ठेवावीत?
जमेल तितकी लांब, निदान झोपण्याच्या जागेपासून वेगळी. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि धानाच्या बांधीत पैदा होणारे डास तो माणसात आणतात. डुकर आजारी दिसत नसले तरी हे घडते. मुलांना मच्छरदाणीत झोपवा आणि आरोग्य विभागाची जपानी मेंदूज्वराची लस चुकवू नका.

मेलेल्या डुकराचे काय करावे?
जंगलात किंवा नाल्यात टाकू नका. सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

लगेच मदत कधी घ्यावी?

मुलासाठी: श्वास जलद होणे, छाती आत ओढली जाणे, कण्हत श्वास घेणे, दूध-पाणी न घेणे, झटके येणे, फार सुस्त होणे, ओठ निळे पडणे. यातले एकही लक्षण दिसले तर १०८ वर फोन करा. गाडी येईपर्यंत अंगारा-धुपारा किंवा दुसरी सुई यात वेळ घालवू नका. पुजाऱ्याकडे जायचे असेल तर मूल दवाखान्यात दाखवून झाल्यावर जा.

डुकरासाठी: पोटाने श्वास घेणे, पाणी सोडणे किंवा एका दिवसात दुसरे डुकर आजारी पडणे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा. फोन करताना किती डुकरे आजारी आहेत, मिनिटाला श्वास किती आहे, ताप किती आहे आणि आतापर्यंत कोणते औषध दिले आहे, हे सांगा. माणसाचे औषध आधीच दिले असेल तर तेही न लपवता सांगा. कोणी रागावण्यापेक्षा दोन दाहरोधक औषधे एकावर एक पडणे जास्त वाईट असते.

डॉक्टर येईपर्यंत आजारी डुकर वेगळे ठेवा, कोरडे अंथरूण घाला, गोठ्यात हवा खेळती ठेवा आणि तोंडाजवळ स्वच्छ पाणी ठेवा. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते. आणि औषध दिल्यावर डुकर उठून बसले तरी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा श्वास मोजा. घरातल्या तापलेल्या मुलाचाही तसाच मोजा.

ही माहिती आरोग्यशिक्षणासाठी आहे. प्रत्यक्ष औषध आणि डोस मुलासाठी डॉक्टरांकडून आणि डुकरासाठी पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्या.